वाढत्या अंगाची रॅम

शेजारच्या खोलीतल्या काकूंनी मला मदत केली, हे आधी लिहून ठेवतो. मी गोष्ट सांगायला बसलो की माझंच माझंच सांगत राहतो आणि ज्यानं हात दिला तो माणूस कुठंतरी शेवटाला उरतो. काकूंच्या बाबतीत तसं व्हायला नको.

काकू मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते, ते गेले. लालबागच्या या चाळीत त्या एकट्या राहतात आणि साड्यांना फॉल लावून देतात. एकुलती मुलगी ऑस्ट्रेलियात असते. ती इथं होती तेव्हा लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरीला होती. त्या ऑफिसनं जुने लॅपटॉप काढून टाकले, तेव्हा तिनं सारखेच दोन उचलले. एक आईसाठी, नातीचं तोंड बघता यावं म्हणून. दुसरा काकूंच्या माळ्यावर पडून होता. मी गोंदियाकडून आलो, बाजूच्या खोलीत चौघांत राहू लागलो, फणसवाडीच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायला शिकलो. हे कळल्यावर एक दिवस त्यांनी तो दुसरा लॅपटॉप माझ्या हातात दिला. "वापर. माझ्याकडं धूळ खाता." वर त्यांच्या वायफायचा पासवर्डही सांगितला.

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. असल्या वस्तूला हात लावतानाही मला धाकधूक व्हायची.

त्या लॅपटॉपवर मी घरी काम आणायला लागलो. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची रीघ लागते. आणि नेमका तेव्हाच तो थकला. नवरीचं नाव टाइप करावं, तर अक्षर पडद्यावर यायला एवढा वेळ लागे की मला वाटायचं, मुलगी नकार कळवतेय. गणपतीचं चित्र जरा डावीकडं सरकवलं की सगळंच गोठायचं. मालकांचे फोन सुरू झाले. शेवटी ते म्हणाले, "हे बघ, तुझ्याच्यानं होत नसेल तर सरळ सांग. दादरला एक पोरगा रेडी आहे माझ्याकडं." ते काम गेलं असतं तर मला गावीच परतावं लागलं असतं. तिथं माझ्यासाठी काय होतं, हे इथं लिहीत नाही.

छापखान्यातल्या एकानं सांगितलं, रॅम वाढव. रॅम म्हणजे मशीनची कामापुरती आठवण, ती कमी पडली की मशीन अडखळतं. माझ्या लॅपटॉपात चार जीबीची एक पट्टी होती आणि बाजूची खाच रिकामी. ती पट्टी काढून, डबीत घालून, नमुना म्हणून मी लॅमिंग्टन रोडला गेलो. नळाचा वायसर आणायला जातात तसा.

दुकानदारानं पट्टी उलटसुलट पाहिली. "आठची घे. बास होईल."

"याहून मोठी?"

"सोळा आहे. पण इतकं जुनं मशीन उचलणार नाही बहुतेक."

तो माझ्या चपलांकडं बघतोय असं मला वाटलं. बघत नसेलही. पण आमच्या घरी कुठलीही वस्तू घेताना वाढत्या अंगाची घ्यायची रीत. शाळेचा शर्ट असा घ्यायचे की खांदे कोपरापर्यंत यायचे. तो अंगाला बसेपर्यंत माझी शाळा सुटली होती. तरी रीत डोक्यातून गेली नाही. आज सोळा घेतली तर पुढची कितीतरी वर्षं बघायला नको.

"सोळाच द्या."

"उघडली की परत नाय घेणार हां, बॉस."

"द्या जी तुम्ही."

स्क्रू ड्रायव्हर काकूंच्या शिलाई मशीनच्या डब्यात होता, म्हणून लॅपटॉप त्यांच्याच टेबलावर उघडला. काकू हातातली साडी बाजूला ठेवून बघत राहिल्या. मी पट्टी तिरकी धरून खाचेत सरकवली, मग खाली दाबली. टक् झालं. बटण दाबलं. पडदा काळा. आत पंखा फिरला, दोन-तीनदा पिकपिक झालं आणि पुन्हा शांत.

"जीव गेलो काय रे तेचो?" काकूंनी विचारलं.

जुनी पट्टी परत बसवली तेव्हा तो उठला, पण पहिल्यासारखाच लंगडत. सोळाची पट्टी मी दोन्ही खाचांत लावून पाहिली. नाही म्हणजे नाही. दुकानात परत गेलो तर दुकानदारानं फाटलेलं पाकीट नुसतं बोटानं दाखवलं. हातात होतं ते सगळं त्या पट्टीत गेलं होतं, आणि छापखान्याचा हिशेब सराई संपल्यावर होणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बटणांची डबी घेऊन दारात. "ही बघ रे झिला, हीच काय ती? माळ्यावर गावली. मुलीनं ठेवलेली असात."

आत एक पट्टी होती. माझ्या जुन्या पट्टीसारखीच, तोच रंग, तीच अक्षरं.

आता खरं लिहितो. आमच्या चाळीच्या माळ्यावर ठेवलेली वस्तू धुळीशिवाय खाली येत नाही. या पट्टीवर धुळीचा कण नव्हता. ते मला दिसलं. दोन लॅपटॉप जुळे आहेत, हेही ठाऊक होतं. मी विचारलं नाही. "लय उपकार झाले काकू," एवढंच म्हणालो आणि पट्टी बसवली.

लॅपटॉप पळायला लागला. मालकांनी पहिल्यांदा "बरं झालंय" म्हटलं.

काकू रविवारी दुपारी नातीला मराठी अक्षरं शिकवायच्या. पाटीवर अक्षर काढून कॅमेऱ्यासमोर धरायच्या, पोरगी तिकडं वहीत गिरवायची. भिंत पातळ, मला सगळं ऐकू यायचं. "ळ काढ बघू. नाय गो, तेचं पोट मोठं." पट्टी मिळाल्यानंतरच्या एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. जाऊन बघतो तर पडद्यावर पोरीचा चेहरा अर्ध्या जांभईत थांबलेला. आवाज तेवढा येत होता.

"आजी, यू आर स्टक अगेन! मम्मा, आय ॲम डन." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नेट स्लो झाला हल्ली," काकू म्हणाल्या.

तेच नेट मी भिंतीपलीकडं वापरत होतो, आणि ते उत्तम चालत होतं. मी त्यांच्या लॅपटॉपची सेटिंग उघडली. रॅम चार. खाचा दोन, वापरात एक.

"काकू, यातली एक पट्टी कुठं गेली?"

"माका काय विचारतंस? मी रामरक्षा म्हणणारी बाई. तुमची रॅम तुमका ठाऊक."

"काकू."

"तू उघडलंस तेव्हा बघलंय मी. काय कठीण नसता. ब्लाउजचो हूक काढूक ह्याच्यापेक्षा वेळ लागता."

मी माझा लॅपटॉप आणायला धावलो. उलटा करून स्क्रूला हात घातला, तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

"पत्रिका किती रवल्या?"

"आहेत बऱ्याच. पण पोरगी उठून गेली ना..."

"पोरगी कंटाळता, परत येता. तुझो मालक येतलो काय परत?"

मी एकदा "नको काकू" म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो असतो तर त्यांनी हात काढला असता की नाही, हे मला माहीत नाही, कारण मी दुसऱ्यांदा म्हणालोच नाही. लॅपटॉप उचलला आणि खोलीत येऊन कुणातरी वधूवरांच्या आजोबांची नावं जुळवत बसलो.

आता काकू रविवारी चित्र बंद ठेवून बोलतात. नुसता आवाज असला तर मशीन अडत नाही. पोरीचा त्या वेळेला पोहण्याचा क्लास लागलाय, असं मुलगी सांगते. "जाऊ दे गो, पोहूक शिकलेला बरा," काकू म्हणतात. पाटी त्यांनी शिलाई मशीनखाली सारून ठेवली आहे. भिंतीपलीकडून मी हे ऐकतो आणि माझा लॅपटॉप न अडखळता चालत राहतो. जेवताना त्या सुक्या जवळ्याची वाटी पाठवतात, ती मी खातो. घशाखाली उतरते, याचंच मला नवल वाटतं.

काकू, सराई संपली की तुमची पट्टी तुमच्या मशीनमध्ये परत जाईल. त्यानं फिटलं असं मी समजणार नाही. नात तुमच्यापुढं बसत नाही, ते रविवार माझ्यामुळं गेले. ते कसे आणून देऊ, मला अजून सुचलेलं नाही. पण एक दिवस फेडीन. तुम्ही हात आडवा घातलात तरी.