सायकलची हवा कोण सोडतं

मुदतीच्या तापातून उठलो तेव्हा माझे पाय मलाच ओळखू येईनात. पोटऱ्या कुठे गेल्या कोण जाणे, नुसत्या काठ्या उरल्या होत्या. अंथरुणापासून दारापर्यंत जायचं तर भिंत धरावी लागे आणि दारात पोचल्यावर वाटे, आता परत कोण जाणार बुवा! तिकडे दरबारच्या दफ्तरात माझ्या खुर्चीवर दुसरा येऊन बसला होता. बदलीवर, म्हणजे मी बरा होईपर्यंत. तोही कोण, तर आमच्याच गल्लीतला, अगदी समोरच्या घरातला. पंचविशीतला, हसतमुख, डोक्याला चपचपीत तेल लावणारा. हसतमुख माणसांवर माझा कधीच भरवसा नव्हता.

साहेबांनी निरोप धाडला होता. दिवाळीनंतर सरकारी डॉक्टर मला तपासणार, दफ्तराचे दोन्ही जिने चढायला लावणार. धाप लागली नाही तर खुर्ची माझी. लागली तर ती त्याची, कायमची. घरात बायको, दोन लहान मुली आणि आबा, म्हणजे माझे वडील. आबा दरबारच्या रिसाल्यातून निवृत्त झालेले. सगळी हयात घोड्यावर गेलेली, आता मोतीबिंदूमुळे दिसायचं कमी आणि ऐकू यायचं त्याहून कमी. या सगळ्यांचं पोट त्या खुर्चीवर होतं.

वैद्यांनी काढे दिले आणि वर सांगितलं, "सायकल चालवा. रोज, सकाळी, न चुकता." मी म्हटलं, मला उभं राहवत नाही आणि हे सायकल चालवायला सांगतात, यांचं त्या समोरच्याशी काही साटंलोटं तर नाही? तरी गावातल्या पडाव भागातल्या एका दुकानातून जुनी सायकल घेतली. काळी, जड, लोखंडी सळ्यांच्या ब्रेकची. दुकानदार मोठा बोलका गडी. त्यानं मला चेन रॉकेलनं धुवायला शिकवलं, चाकाच्या हबमध्ये थेंबभरच तेल सोडायला शिकवलं आणि म्हणाला, "बाबूजी, सुबह अंगूठे से टायर दबाना. टायर सख्त, तो आदमी मस्त." सायकल पुसून कोरडी ठेवायची, ब्रेकच्या रबराला आणि रिमला तेलाचं बोटही लागू द्यायचं नाही, हेही त्यानंच बजावलं.

पहिल्या दिवशी जवळच्याच गोरखीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि उतरून तिथल्याच एका ओट्यावर बसलो. डोळ्यांपुढे काजवे. समोरचा दफ्तराला निघाला होता, थांबून म्हणाला, "भाऊसाहेब, सांभाळून हं. घाई कशाला करता?" घाई कशाला करता! मनात पाल चुकचुकली ती तिथेच. मी घाई केली नाही तर कोणाचं भलं होणार होतं, ते न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो.

पण अंगात जोर येऊ लागला हे खरं. आठवड्यात पडाव गाठला. मग पडावाच्या पुढे. घरी आलो की अशी भूक लागे की बायको पोळ्या लाटता लाटता म्हणे, "अहो, जरा चावून तर खा!" दुपारी अशी गाढ झोप येई की मुली अंगावरून उड्या मारून गेल्या तरी कळू नये. आरशात पोटरीवर हात फिरवून पाही. होती, होती, थोडी होती.

आणि मग ते सुरू झालं. सकाळी अंगठ्यानं टायर दाबावं तर मऊ. आज मऊ, उद्याही मऊ, दोन्ही चाकं. पंप मारून मारून निम्मा दम तिथेच जाई. पंक्चर असेल म्हणून सायकल पडावावर नेली. दुकानदारानं दोन्ही ट्यूब पाण्यात बुडवून पाहिल्या, एक बुडबुडा नाही. वाल्व्हचं रबर नवं घातलं, तरी तेच. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबूजी, हवा निकली नहीं है. निकाली गई है."

बस्स. मला एवढंच ऐकायचं होतं.

सायकल आमच्या दाराच्या आत, ओसरीला टेकून असे आणि दार दिवसभर उघडं. कोणीही यावं, हात घालावा. मी बायकोला रोज विचारू लागलो, "दुपारी कोण आलं होतं?" ती म्हणे, "कोणी नाही." "नीट आठव." "अहो, कोणी नाही म्हणते नं!" मग मला तिचाही राग येई. हिला काय, समोरची त्याची आई हिला लोणचं देते, ही कशाला सांगेल! मी कडी लावायला सांगितली, तर ही दळण आणायला गेली की दार पुन्हा सताड उघडं. चाकाखाली खडूच्या खुणा केल्या. संध्याकाळी खुणा सरकलेल्या. खिडकीआडून समोरच्यावर पाळत ठेवली. तो दफ्तरातून येई, हातपाय धुई, आईशी काहीतरी बोलून हसे. काय हसतोस रे? कसलं हसू येतं एवढं?

आबांना मी यातलं काही कळू दिलं नाही. तापट माणूस, तलवार काढून समोर जाऊन उभे राहतील अशी धास्ती. खंडेनवमीला ती तलवार बाहेर निघालीच होती, पूजेला. शेजारी त्यांनी माझी सायकलही ठेवली, हँडलला झेंडूची माळ, चाकाला हळदकुंकू. त्या दिवशी शस्त्राला आणि वाहनाला विसावा म्हणून मला ती बाहेर काढू दिली नाही. माझा एक दिवस फुकट गेला. मी आतल्या आत चरफडलो, पण आबांपुढे बोलायची प्राज्ञा कोणाची!

दिवाळीला आठ दिवस उरले होते आणि मी पार पडावापलीकडच्या मुरारपर्यंत जाऊन येऊ लागलो होतो. त्या सकाळी परत येताना पडावाच्या उतारावर पुढे एक टांगा आडवा आला. ब्रेक दाबले. काही नाही. पुन्हा दाबले, अगदी जीव खाऊन. सायकल तशीच सुसाट. टांगेवाल्याच्या शिव्या ऐकू आल्या तेवढ्या, मग मी मातीत. गुडघा फुटला, धोतर फाटलं, तळहात सोलवटले. उठून पाहतो तर दोन्ही रिम तेलानं लखलखताहेत! बोट लावून वास घेतला. तिळाचं तेल. कोणीतरी मुद्दाम, चोळून चोळून लावलेलं. मला त्याचं ते चपचपीत डोकं आठवलं. तेवढा पुरावा मला पुरला.

मेलो असतो मी! घरी आल्या आल्या सोलवटल्या हातांनीच साहेबांना अर्ज लिहिला: बदलीवरचा इसम माझी जागा बळकावण्यासाठी माझ्या वाहनात घातपात करतो, आज जिवावर बेतलं, दुकानदार साक्षीला आहे. साहेब आबांना ओळखत होते. रिसालदाराचा मुलगा खोटं लिहिणार नाही असं त्यांना वाटलं असावं. दुसऱ्याच दिवशी त्याला घरी बसवलं. वर शेरा मारला, हा इसम दरबारच्या कोणत्याही खात्यात घेऊ नये.

संध्याकाळी तो आमच्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "भाऊसाहेब, आईची शपथ, मी तुमच्या सायकलला हातसुद्धा लावलेला नाही." पहिल्यांदाच तो हसत नव्हता. मी म्हटलं, "सोंगं करू नकोस. चल, नीघ." आणि दार लावून घेतलं. छान वाटलं मला. का खोटं बोलू, फार छान वाटलं.

तीन दिवसांनी, भर दुपारी, गुडघा ठणकत होता म्हणून मला झोप लागली नाही. ओसरीवरून आवाज आला. सुस्स. हळू, बेतानं सोडलेली हवा. मी काठी उचलली आणि पाय न वाजवता बाहेर आलो.

आबा बसले होते. उकिडवे, पुढच्या चाकाशी, डोळे अगदी वाल्व्हला लावून. शेजारी वाटीत तेल, मांडीवर फडकं. थोडी हवा सोडली, टायर चाचपलं, वाल्व्ह पुन्हा आवळला आणि फडकं तेलात बुडवून रिम चोळू लागले. तोंडानं चुचकारत होते, "हां... हां... झालं हं."

"आबा!" मी ओरडलो. "काय करताय हे?"

त्यांनी वर पाहिलं. पकडले गेल्यासारखे नाही, उलट थोडे लाजल्यासारखे. "अरे, स्वार उतरला की घोड्याच्या पोटाचा तंग सैल करायचा असतो. दिवसभर आवळून ठेवलं तर जनावराला श्वास घेता येत नाही. आणि मालिश नको का? तू आजारी, तुझ्याच्यानं कुठलं व्हायचं. जनावर मी बघतो, तू फक्त बैस." मग माझ्या पायाकडे डोळे बारीक करून म्हणाले, "भरलेत रे पाय. भरलेत नं?"

मागे बायको येऊन उभी राहिली होती. "हवा तर रोजच सोडतात की, तेलाचं तेवढं हल्ली सुरू झालंय," ती म्हणाली. "तुम्ही कोण आलं होतं ते विचारत होता. बाहेरून कोणी आलंच नव्हतं."

माझं डोकं फिरलं. कोणावर चिडावं ते कळेना, म्हणून आबांवरच चिडलो. त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. तेल, टांगा, अर्ज, समोरचा. ते ऐकत गेले. फडकं हातातच राहिलं. मग भिंतीला धरून उठले, आत गेले आणि पागोटं घालून, रिसाल्याचा जुना कोट चढवून बाहेर आले. बटणं वरखाली लागली होती. "चल. मला दफ्तरात घेऊन चल. साहेबांना सांगतो, हात माझा होता. त्याला परत घ्या म्हणतो."

तपासणीला दहा दिवस होते. अर्ज खोटा निघाला असता तर साहेबांनी मला त्या जिन्याची पायरीसुद्धा चढू दिली नसती. खुर्ची गेली असती, आणि त्यालाच मिळाली असती. हे सगळं माझ्या डोक्यात इतक्या झटकन आलं की माझी मलाच भीती वाटली. मी दारात आडवा झालो. "आबा, तुम्ही कशाला त्रास घेता? तपासणी होऊ द्या. मग मी स्वतः सांगतो साहेबांना. नक्की." बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. आबांनी पागोटं उतरवलं. "बरं," म्हणाले. "तू सांगतोस म्हणजे झालं."

दिवाळी झाली. डॉक्टरांनी मला दोन्ही जिने चढायला लावले, एकदा नाही, दोनदा. छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली. "काय खाता हो?" म्हणाले. मी म्हटलं, "सायकल चालवतो." ते हसले आणि कागदावर सही केली.

साहेबांसमोर मी पाव तास उभा होतो. त्यांनी चौकशी केली, आबांची तब्येत विचारली. "आणखी काही?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही, साहेब." त्याच आठवड्यात समोरच्या घराला कुलूप लागलं. आईला घेऊन तो उज्जैनला मामाकडे गेला असं बायकोला कळलं.

कामावर रुजू व्हायच्या सकाळी तिनं माझ्या हातावर दही घातलं. आबा ओसरीवर बसले होते. मी पाया पडलो, तसा त्यांनी माझा खांदा धरला. "त्या पोराचं सांगितलंस नं?"

"सांगितलं, आबा. घेतलं त्याला दुसऱ्या खात्यात."

जन्मात मी कोणाचं एक वाक्य असं सरळ मानलं नव्हतं. त्यांनी माझं लगेच मानलं. चेहरा एकदम मोकळा झाला. "शाबास," म्हणाले, आणि पाठीवर थाप मारली. मी सायकल बाहेर काढली आणि दफ्तरात वेळेवर पोचलो.