मुक्याची पोटरी

घरोघरी विजेचे मीटर वाचणाऱ्या त्या माणसाला अख्खी वसाहत ‘मुका’ म्हणायची. दार वाजवायचं, आकडा टिपायचा, पुढच्या दाराकडे वळायचं. बोलण्याचं नाव नाही. पण पन्नाशी उलटली आणि त्याला एकदम वाचा फुटली. कोपऱ्यावर न्हाव्याशी गप्पा, पुढे शिंप्याकडे हवापाण्याची चौकशी. बायको खूश. “उशिरा का होईना, माणसांत आले,” असं ती बहिणीला सांगायची.

खरं कारण त्याच्या डाव्या पोटरीत होतं. थोडं चाललं की ती आवळून यायची, थांबलं की मोकळी व्हायची. रस्त्यात नुसतं उभं राहायची त्याला लाज वाटे, म्हणून तो बोलायचा.

एकदा बायकोने त्याला बंद दुकानाच्या शटरकडे तोंड करून उभं असलेलं पाहिलं.

“अहो, इथं कुणाशी बोलताय?”

मग सांगावंच लागलं.

दवाखान्यात त्याला उताणं निजवलं. तपासणाऱ्या मुलीने दंडाला आणि घोट्याच्या वर पट्टे बांधले, कातडीवर गार जेली लावली आणि पेनासारखी कांडी टेकवली. यंत्रातून रक्ताचा आवाज येऊ लागला. हाताचा सपासप, ठसठशीत. डाव्या घोट्याचा मात्र कुणी लांबून फुंकर घालावी तसा.

“सुई नाही टोचायची?”

“नाही काका. नुसतं ऐकायचं आणि दाब मोजायचा.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घोट्याचा दाब हाताच्या जेमतेम निम्मा आहे. पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय. सिगारेट आजपासून बंद, गोळ्या रोज. आणि चालायचं. दुखलं की थांबायचं, पुन्हा चालायचं.”

“ते तर मी करतोच.”

“सिगारेट ओढत करता,” बायको म्हणाली.

सिगारेट सुटताना तो सगळ्यांवर खेकसला, न्हाव्यावरसुद्धा. बायको रोज सकाळी त्याच्याबरोबर चालायला निघे. पोटरी धरली की दोघं बसथांब्यावर टेकत.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. दाब फारसा बदलला नव्हता. त्याचा चेहरा पडला.

“वाहिनी आहे तशीच आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण पाय आहे त्या रक्तात भागवायला शिकलाय. चालता किती?”

“बाजारापर्यंत न थांबता,” बायको म्हणाली. “मीच मागे पडते.”

पुढे कचेरीने त्याला बैठं काम देऊ केलं. त्याने नको म्हटलं. पाय चालता ठेवायचा तर दारोदार फिरलेलंच बरं, असं त्याचं मत पडलं.