पुकाऱ्याचं कलम

शेअर बाजाराच्या नियम विभागात त्याला सगळे खोडरबर म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तोही ओ देई. नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. बाजाराच्या नियमांचं जाडजूड पुस्तक पुढ्यात घेऊन बसायचं आणि त्यातले कालबाह्य उल्लेख शोधून काढून टाकायचे, हेच त्याचं काम. लग्न ठरवताना सासऱ्यांनी दोनदा विचारलं होतं, "म्हणजे लिहायचं काहीच नाही? नुसतं खोडायचं?" तो म्हणाला होता, "नुसतं खोडायचं." तरीही मुलगी मिळाली, यातच काय ते आलं.

पण काम पोरखेळाचं नव्हतं. त्या पुस्तकात जो तो भर घालत आला होता, काढायचं मात्र कोणाच्या बापाला सुचलं नव्हतं. तारेने आलेली मागणी कधीपर्यंत धरायची, फळ्यावरचा भाव पुसायचा हक्क कोणाचा, हॉलमध्ये ओली छत्री उघडी टाकणाऱ्या दलालाला काय शिक्षा, सगळं होतं. तार गेली, फळा गेला, दलाल हॉलमधून उठून आपापल्या ऑफिसात यंत्रापुढे जाऊन बसले, तरी कलमं जागच्या जागी. वर एक कलम दुसऱ्याकडे बोट दाखवी, दुसरं तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याच्या घरी जावं तर तिथे कोणीच नसे. हा माग काढण्यात खोडरबर पटाईत होता. एक शब्द काढायचा झाला तरी त्याच्या जिवावर कोण कोण उभं आहे हे तो आधी शेवटपर्यंत बघून घेई. "आधी फांद्या, मग बुंधा," असं नव्या माणसांना बजावी. उलटं केलं की फांद्या आपल्याच डोक्यात पडतात.

विभागाची स्वतःची एक बोली होती. उल्लेख वापरात असला तर तो जिवंत, नसला तर मेला. "ते टेलेक्सचं बघ रे, जिवंत आहे का?" "कधीच मेलं." बाहेरच्या कोणी ऐकलं असतं तर गावात साथ आली आहे असं समजून तो परत फिरला असता. आतल्यांना मात्र त्याचं काही वाटेनासं झालं होतं. गोष्ट बिघडली ती तिथेच.

कारण त्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, रोज दुपारी खोडरबरचा मामा येऊन बसत असे. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. आई लवकर गेली, वडिलांनी दुसरा संसार थाटला, आणि हे पोर मामा-मामीच्या घरात वाढलं. पुढे मामी गेली, घर विकलं गेलं, तेव्हा भाच्याने मामाला आपल्याकडे आणलं. फिट्टंफाट झाली असं लोक म्हणाले. असल्या गोष्टी फिटत नसतात, पण लोकांना हिशेब मिटलेला आवडतो.

मामा बाजाराचा पुकाऱ्या होता. हॉल दलालांनी गजबजलेला असे त्या काळात दिवसाच्या अखेरीला चौथऱ्यावर उभं राहून त्याने "बंद" अशी आरोळी ठोकायची. त्यानंतर झालेला सौदा तो सौदा नव्हे. वरकरणी दोन अक्षरांची नोकरी, पण एवढ्या गलक्यात ती दोन अक्षरं सगळ्यांच्या कानात घालायची म्हणजे खायचं काम नव्हतं. मामाचा आवाज रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या दुकानात ऐकू जाई आणि न्हावी त्यावर घड्याळ लावी. मग यंत्रं आली, आरोळीची गरज संपली, मामा निवृत्त झाला. कलम मात्र राहिलं. त्यात लिहिलं होतं: ‘पुकाऱ्याने "बंद" असे म्हटल्याखेरीज दिवसाचे व्यवहार बंद झाले असे समजू नये. पुकाऱ्यास हॉलमध्ये खुर्ची व पिण्याचे पाणी द्यावे, आणि त्याचा प्रवेश कोणी अडवू नये.’ पुकाऱ्या नोकरीतला की निवृत्त, हे लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं.

एवढ्या आधारावर मामा जेवण उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून रोज हॉलमध्ये हजर. हॉलची आता नुसती चकचकीत फरशी उरली होती. भिंतभर पडद्यावर आकडे पळत, कोपऱ्यात खोट्या पानांच्या कुंड्या. मामा आपल्या खुर्चीवर बसून आकड्यांकडे बघत राही. संध्याकाळी आकडे थांबले की शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणे, "बंद." मग पाणी पिई. "मी म्हटल्याशिवाय बाजार बंद होत नाही, तसं कलमच आहे," हे तो भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवी. एकदा तापाने फणफणला असताना सून, म्हणजे भाच्याची बायको, त्याला म्हणाली, "म्हणजे आज बाजार रात्रभर उघडाच राहणार म्हणायचा." मामाने पांघरुणातून हात काढून घड्याळ मागितलं आणि वेळ झाल्यावर खोकत खोकत "बंद" म्हटलं. घरात त्यावर पुढे किती दिवस हसत होते.

"बंद" म्हणून झालं तरी मामा उठत नसे. भाचा वरून उतरेपर्यंत बसून राही, आणि दोघे पायी घरी जात. घरात मामा फारसा बोलत नसे. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसासारखा अंग चोरून असे, पाणीसुद्धा आपल्या हाताने घेई. रस्त्यावर मात्र त्याची कळी खुले. बहिणीच्या लहानपणाबद्दल, मामीच्या रागाबद्दल, दलालांच्या लबाड्यांबद्दल तो बोलत सुटे. खोडरबर हूं हूं करी. खरं सांगायचं तर त्याला या सोबतीचा कंटाळा आला होता. बरोबरीचे लोक घोळक्याने चहाला जात आणि हा म्हाताऱ्याच्या चालीने चालत घरी. कधीकधी काम संपलं तरी तो मुद्दाम टेबलाशी बसून राही, मामा कंटाळून एकटा निघून जाईल म्हणून. मामा कधीच गेला नाही.

मग वर नवे साहेब आले आणि त्यांनी नियमांचं पुस्तक एकदाच स्वच्छ करून नव्याने छापायचं ठरवलं. मेलेलं एकही कलम त्यात नको. बैठकीत वकीलबाई एकेक कलम मोठ्याने वाचत होत्या. त्या कामाला कडक, पण विनोदाच्या भुकेल्या. पुकाऱ्याचं कलम आलं तेव्हा त्यांनी ते जुन्या नाटकातल्या चोपदारासारखं वाचलं. "खुर्ची व पिण्याचे पाणी," इथे आल्यावर त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. सगळे हसले. खोडरबरही हसला. का हसला, हे त्याने नंतर स्वतःला हजारदा विचारलं. सगळे हसत असताना एकट्याने तोंड मिटून बसणं अवघड असतं, याहून मोठं कारण त्याला कधी सापडलं नाही.

"हा पुकाऱ्या जिवंत आहे का?" साहेबांनी त्याला विचारलं.

"मेला, साहेब."

बोलीच तशी होती. आणि कलम खरोखरच मेलेलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण इतर कलमांच्या मागे शेवटच्या फांदीपर्यंत जाणारा हा माणूस इथे मात्र तसूभरही खाली उतरला नाही. या कलमाच्या आधारावर कोण बसलं आहे, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तो त्याला सकाळीच घरी चहा देऊन आला होता.

कलमं काढण्याआधी हरकती मागवायची रीत होती. तशी सूचना खोडरबरनेच हॉलमध्ये लावली, नेमकी मामाच्या खुर्चीमागच्या भिंतीवर, कारण सूचनाफलक तिथेच होता. मामाचं तोंड पडद्याकडे. मागे वळून बघायचं त्याला कारण नव्हतं. घरी जाताना रोज वाटेत भाचा मनाशी ठरवी, त्या चौकात सांगू, त्या दुकानापाशी सांगू. मामा एखाद्या दलालाची नक्कल करत असे, आणि घर येई. मुदत संपली, हरकत कोणाचीच आली नाही.

नवं पुस्तक लागू झालं त्या दिवशी दुपारी पहारेकऱ्याने मामाचा पास यंत्रावर टेकवला आणि बराच वेळ यंत्राच्या पडद्याकडे बघत राहून मामाला दारातूनच घरी पाठवलं. कलमं वाचली गेली त्या बैठकीला आस्थापना विभागाचा एक नवा कारकून टिपणं घ्यायला बसला होता. त्याला नियमवाल्यांची बोली कुठली ठाऊक. त्याने पुकाऱ्याच्या नोंदीपुढे सरळ ‘मयत’ असं लिहून टाकलं होतं.

ही हकीकत मामानेच रात्री जेवताना सांगितली, तीही नक्कल करून. "पहारेकरी म्हणतो, आजोबा, रागावू नका, पण यंत्र म्हणतंय तुम्ही मयत आहात. मी म्हटलं, असेन बाबा. मेल्यावर गुडघे दुखत नाहीत अशी माझी समजूत होती, ती तेवढी चुकीची निघाली."

सून हसली नाही. "कुठल्या मेल्याने लिहिलं हे?" ती कडाडली. "चांगल्या धडधाकट माणसाला मारून मोकळे? अहो, तुम्ही तिथेच असता ना दिवसभर? उद्याच्या उद्या जाऊन विचारा त्याला."

खोडरबर मान खाली घालून एकच घास कितीतरी वेळ चावत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो आस्थापना विभागात गेला. कारकून ओशाळला, त्याने कान धरले. "जिवंत आत्ता करतो साहेब, त्याला काय लागतंय. पण जिवंत करून घालू कुठल्या रकान्यात? पुकाऱ्या हा प्रकारच आता पुस्तकात नाही. काढल्याच्या कागदावर सही तुमचीच आहे." फार तर पाहुण्याचा पास निघेल, तोही त्या त्या दिवसापुरता, आणि कोणाला भेटायचं, कशासाठी, ते लिहून द्यावं लागेल.

खोडरबरने पुढच्या दिवसाचा तसा पास करून घेतला. काम कोणाकडे, तिथे स्वतःचं नाव घातलं. कशासाठी, तिथे काय लिहावं ते सुचेना, म्हणून ‘घरगुती’ असं लिहिलं. घरी आल्यावर मामाच्या खोलीत गेला. मामा खाटेवर शर्टाचं बटण लावायला बसला होता, डोळ्यांना न दिसणारं सुईचं नेढं बोटांनी चाचपत. खोडरबरने सुई ओवून दिली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. कलम मी काढलं. मला विचारलं तेव्हा मी मेला म्हणालो. सूचना तुमच्या पाठीमागे मीच लावली. आणि मामा, मी हसलो, सगळ्यांबरोबर.

मामाने बटणाचे दोन टाके घातले. मग म्हणाला, "काढणारच. मेलेलंच होतं ते."

"तसं नव्हे, मामा."

"अरे, मला ठाऊक नव्हतं का? यंत्रं आली त्याच आठवड्यात एकदा मी तोंड मिटून बसून बघितलं. म्हटलंच नाही बंद. झाला की बाजार बंद. माझ्याकडे कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही."

खोडरबरला काही समजेना. "मग इतकी वर्षं रोज यायचात कशाला? उन्हातून, पावसातून?"

"तू सुटेपर्यंत कुठेतरी बसायला हवं ना," मामा म्हणाला. "रस्त्यात उभं राहिलो असतो तर तुलाच लाज वाटली असती. कलम होतं, खुर्ची होती. बरं चाललं होतं."

पास त्याने हातात घेतला, लांब धरून वाचला, आणि परत दिला. "घरगुती काम घरीच होतं की," म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर खोडरबरला सोसला असता.

त्यानंतर खोडरबर कामावरून वेळेवर सुटू लागला. चहाच्या घोळक्याची वाट आता मोकळी होती, पण तो कधी त्यांच्याबरोबर गेला नाही. झपाझपा चालत घरी येई. मामा दाराशी खुर्ची टाकून बसलेला असे. "आलास?" "आलो." तेवढं झालं की मामा उठून खुर्ची आत नेई, वाटेत अडचण नको म्हणून. घरात सून असे, भांड्यांचा आवाज असे, आणि मामा पुन्हा आपला अंग चोरून. समोरासमोर बसलं की दोघांनाही काय बोलावं ते कळेना.

एकदा भाच्याने मुद्दाम म्हटलं, "चला मामा, चौकापर्यंत पाय मोकळे करून येऊ." मामा लगेच निघाला, शर्ट बदलून. दोघे चौकापर्यंत गेले. कुठून येत नव्हते, कुठे पोचायचं नव्हतं, त्यामुळे चाल जमेना. खोडरबरला खूप काही विचारायचं होतं. आईच्या शाळेतल्या कुठल्याशा खोडीची एक गोष्ट मामाने कधीतरी वाटेत सुरू केली होती आणि घर आलं म्हणून ती अर्धीच राहिली होती. तेव्हा यानेही पुढचं विचारलं नव्हतं. उद्या सांगेल, असं तेव्हा रोजच असे. त्याने आता विचारलं.

मामा थांबला. "कुठली रे?" म्हणाला. "कशी सुरू झाली होती, तेवढं सांग. पुढचं मी सांगतो."

सुरुवात खोडरबरने नीट ऐकलीच नव्हती.