नानांनी सांगितलेला खुंट

नाना थुंकायचे. चहा आवडला नाही की थू, कुणाचं बोलणं पटलं नाही की थू. सुरतेत उधन्याच्या आमच्या खोलीत आले की "हाऊ चहा शे का गटार?" म्हणायचे आणि दुसरा कप मागायचे. आईला हसू यायचं. मला मात्र त्यांची किळस यायची.

जवळच्या सचिन गावातल्या कापड रंगवण्याच्या डाईंगमध्ये ते बाबांबरोबर बॉयलरवर होते. त्याआधी अर्धं आयुष्य साक्रीकडच्या द्राक्षबागांत कलमं बांधण्यात गेलेलं. वर जात कुठलीही लावा, जमिनीशी संसार खालच्या जंगली खुंटालाच करायचा असतो, असं ते म्हणत. म्हणून खुंट सांगण्याआधी माती जिभेवर ठेवत. शेजाऱ्याचं बघून रोपं आणणाऱ्यांचा त्यांना भयंकर तिटकारा.

डाईंगच्या वाफेतून सुटून बाबांना गावी परतायचं होतं. त्यासाठीच आमच्या दीड एकरात द्राक्ष लावायची होती. नानांनी मला शेताच्या चारी कोपऱ्यांची माती आणायला धाडलं. मी कापड बाजारात सॅम्पल कापायचो. एका चांगल्या ताग्यातून सगळ्या व्यापाऱ्यांची सॅम्पलं कापायची, ही आमची रीत. एसटी चुकेल म्हणून मी विहिरीजवळच्या एकाच खड्ड्यातून चारही पिशव्या भरल्या.

"चारी कोपरानी शे ना?" नानांनी चाखून विचारलं.

"हो."

"मंग डॉगरीज खुंट लावा. क्षार व्हता तर एकशेदहा आर."

तिसऱ्या वर्षी पानांच्या कडा करपल्या, वेली खुरटल्या. नाना गावी आले. बागेच्या मधोमध बसून त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पायाशी थुंकले. मीही चिमूट चाखली; माती खारट होती. मला स्वतःचीच शिसारी आली. तोंड उघडणार, तोच ते बाबांकडे वळले.

"मन्हंच चुकनं, भाऊ. खुंट मीच चुकीना सांगा."

परतताना बसमध्ये मी माफी मागू लागलो. "गप ऱ्हाय," ते खेकसले. "तुमले बाप-लेकले एकच खोलीमा ऱ्हानं शे." आणि खिडकीतून बाहेर थुंकले.

वेली उपटून टाकल्या. बाबा पुन्हा सचिनला शिफ्टवर जाऊ लागले, अजून जातात. नाना गेल्या वर्षी वारले. स्मशानातून घरी आल्यावर बाबा म्हणाले, "माणूस जिवाचा होता, पण खुंटातलं त्याला काही कळत नव्हतं."

मी मान डोलावली आणि आंघोळीला गेलो.