मांजरीच्या दाढा

आमच्या मांजरीला मधुमेह झालाय हे डॉक्टरांच्या आधी आईने ओळखलं. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी वसईतच शाळेत शिकवत होते आणि वाडीतल्या घरात आम्ही दोघीच राहत होतो. मांजरी सतत बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पायरीवर बसून पाणी पीत असे. ती जिथे लघवी करी तिथे थोड्या वेळात मुंग्या जमत. आई म्हणाली, "हिला माझंच दुखणं लागलंय."

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आधी हसले. पण आम्ही बशीत धरून नेलेली लघवी त्यांनी निळ्या औषधात मिसळली, काचेची नळी दिव्यावर धरली, आणि निळा रंग बघता बघता विटेसारखा लाल झाला. मग ते हसले नाहीत. आई कित्येक वर्षं स्वतःच्या हाताने इन्सुलिन टोचून घेत होती. मांजरीचं इंजेक्शनही तीच देऊ लागली, रोज सकाळी दोन युनिट.

नाताळच्या सुमारास मांजरीच्या तोंडाला वास येऊ लागला. लाळेत रक्त दिसे. बोंबलाचा तुकडा पुढे ठेवला तर ती हुंगायची आणि मागे सरायची. डॉक्टरांनी तिचा जबडा उघडून पाहिला. मागच्या दाढा कुजल्या होत्या, हिरड्यांत पू झाला होता.

"या दाढा आहेत तोवर साखर उतरायची नाही," ते म्हणाले. "आणि साखर अशी असताना भूल देणं धोक्याचं. मी म्हशींचा डॉक्टर, बाई. मांजराचे दात मी कधी काढलेले नाहीत. मुंबईला न्या."

"तेवढा प्रवास तिला झेपायचा नाही," आई म्हणाली. "तुम्हीच काढा."

शेवटी ते म्हणाले, "शनिवारी सकाळी आणा. उपाशीपोटी. इन्सुलिन निम्मंच द्यायचं, एक युनिट." हे त्यांनी दोनदा बजावलं.

शनिवारी पहाटे मी उठले, एक युनिट भरलं आणि मांजरीला टोचलं. ती ओरडलीही नाही. आई मागच्या अंगणात असावी. एवढ्यासाठी तिला हाक मारून सांगायला नको, असं मला वाटलं.

दवाखान्यात भुलीच्या इंजेक्शनाने मांजरी ताबडतोब लुळी पडली. पाऊण तासात चार दाढा ट्रेमध्ये पडल्या. डॉक्टरांनी घाम पुसला. "झालं. आता अर्ध्या तासात डोळे उघडेल."

तास झाला. मांजरी उठली नाही. मग तिचा मागचा पाय थरथरू लागला, पाठोपाठ सगळं अंग. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी किती दिलंत?"

"एकच युनिट."

"नक्की?"

बाकावर बसलेली आई हळूच म्हणाली, "मी दिलं की दोन. रोजच्यासारखं."

तिच्या आवाजात अपराधीपणा नव्हता. डॉक्टरांनी निम्मं सांगितलं होतं, हे तिला आठवतच नव्हतं.

डॉक्टरांनी पुढच्या पायावरचे केस घाईने भादरले. गाईंना लावायच्या ग्लुकोजच्या बाटलीतून सिरिंज भरली. शीर दोनदा निसटली. तिसऱ्यांदा सुई आत गेली आणि ते थेंबाथेंबाने ग्लुकोज सोडत राहिले. मी मांजरीचं डोकं धरून होते. आई शांतपणे बाहेर बघत होती, जणू आम्ही दुसऱ्याच कुणाचं मांजर घेऊन आलो होतो. थरथर थांबली. दुपारी मांजरीने एक डोळा उघडला.

चौथ्या दिवशी तिने मऊ भात आणि कुस्करलेला मासा खाल्ला. पुढे ती दोन वर्षं जगली.

पण त्या शनिवारी संध्याकाळी घरी आल्यावर मी फडताळातली आईची बाटली उजेडात धरली. महिना पुरणारं औषध पंधरा दिवसांतच तळाला गेलं होतं. मांजरीचे दोन-दोन युनिट जमेस धरूनही हिशेब लागेना.

"आई, आज सकाळी स्वतःला घेतलंस का?"

"घेतलं."

"एकदाच?"

तिने माझ्याकडे पाहिलं, उत्तर शोधल्यासारखं. "घेतलं असेल ना."

दुसऱ्या दिवसापासून दोघींची इंजेक्शनं मी द्यायला लागले. आई हट्टी बाई, तिचं काम कुणी हातातून काढून घेतलेलं तिला खपत नसे. ती भांडेल म्हणून मी तयारीत होते. तिने निमूटपणे पदर बाजूला सारला आणि दंड पुढे केला.