चंद्राबाईंचे राखेचे गोळे

१९९४ची दिवाळी झाली आणि गुऱ्हाळ सुरू करण्याआधी चंद्राबाई मागची जुनी राख उपसायला गेल्या. चुलवाणात उसाचं चिपाड जळून उरलेली ती राख गेल्या हंगामापासून तिथंच पडून होती. एका जागी फावडं खण्णकन वाजलं. दगड असेल म्हणून त्यांनी उकरलं, तर राखच होती, घट्ट झालेली. रस निवळायला वापरायच्या चुन्याचा डबा दरवर्षी तिथंच धुतला जायचा, हे त्यांच्या ध्यानात आलं.

धाकटा दीर आप्पासो कऱ्हाडात गवंडीकाम करायचा. त्याला त्यांनी तो खडा दाखवला.

"राखंत चुना मुरला की सिमेंट हुतंय का रं?"

"वैनी, राखंनं भांडी घासत्यात. घर न्हाई बांधत."

 चंद्राबाईंनी चुन्याचे तीन गोळे वळले. एक नुसत्या चुन्याचा, एकात पांढरी राख वस्त्रगाळ करून घातली, तिसऱ्यात काळी. आठ दिवस ओल्या पोत्याखाली ठेवून मग बादलीत सोडले. चुन्याचा दुसऱ्या दिवशीच विरघळला, काळ्याचे तुकडे पडले. पांढऱ्या राखेचा मात्र महिनाभर पाण्यात राहूनही नखाला दाद देईना.

आप्पासोनं तो हातोडीनं हलकेच ठोकला. "आयला! सांगलीला दावूया."

सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या ऋचा मॅडमनी त्याच मिश्रणाचे ठोकळे करवून घेतले आणि महिन्यानं यंत्रात दाबून फोडले.

"ताकद सिमेंटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी भरली. पुढं सावकाश वाढेल. सिमेंटच्या भट्टीला आच फार लागते, चुन्याला त्या मानानं कमी, आणि राख तर तुमच्याकडं आयतीच. गिलावा करा, विटा जोडा. स्लॅबला नको."

"काळी का जमली न्हाई?" चंद्राबाईंनी विचारलं.

"तिच्यात अर्धवट जळालेला कोळसा राहतो. तो चुन्याशी बांधला जात नाही."

उन्हाळ्यात गोठ्यापुढं त्याच राख-चुन्यात जनावरांचा पाण्याचा हौद बांधला. गिलावा लवकर आवळून घट्ट होईना म्हणून आप्पासो कुरकुरला, पण चंद्राबाईंनी तीन आठवडे पोती भिजवली. मग हौद भरला. सकाळी त्यांनी चारही बाजूंनी बाहेरून हात फिरवला. कोरडा होता, कुठंच पाझरला नव्हता.

गावातली माणसं बघायला यायची. "स्लॅबला चालत न्हाई हं," असं त्या आधीच सांगायच्या.

पुढच्या वर्षी मेढ्याच्या बहिणीकडून येताना त्यांनी पोतंभर भाताचं तूस आणलं. "ह्येची राख कशी निघतीया, बघू," म्हणाल्या.