ताईची बढती आणि करोल बागेतला ओलीस

माझ्या मावसबहिणीने देशोदेशीच्या बँक-नियामकांना तोंड दिलं आहे. एकदा तर परदेशातल्या कुठल्याशा चौकशी समितीने तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत उलटसुलट प्रश्न विचारले, आणि बाई ढिम्म हलली नाही. पण परवा एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर माझ्या मावशीने एवढंच विचारलं, "आज मोत्याच्या कुड्या कशाला गं घातल्यास? कोणाची मुंज आहे का तिकडे लंडनात?" आणि ताई फुटली.

मी तिथेच होतो. द्वारकेत मावशीच्याच सोसायटीत माझा फ्लॅट आहे आणि माझं रात्रीचं जेवण तिच्याकडे असतं. नाट्यशास्त्राच्या दृष्टीने मी अगदी योग्य जागी, हातात भाकरी घेऊन बसलो होतो.

"आई, सांगते. पण शपथ घे."

"घेतली. सांग."

"मला बँकेचं प्रमुख केलंय."

"कुठल्या शाखेचं?"

"सगळ्या बँकेचं, आई. जगातल्या."

काका, म्हणजे मावशीचे यजमान, खुर्चीतून उठून उभे राहिले. राष्ट्रगीताला राहतात तसे, हात मांडीशी सरळ. सगळी नोकरी त्यांनी एका मंत्रालयात काढली आहे. थोडा वेळ विचार करून ते हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे कॅबिनेट सेक्रेटरी."

हे समजून घ्यायला ताईचं करिअर आमच्या घरातून कसं दिसत आलं ते सांगायला हवं. आमच्याकडे नोकरी म्हणजे केंद्र सरकारची. बाकी सगळे छंद. ताई शिकाऊ अधिकारी म्हणून या विदेशी बँकेत लागली तेव्हा काकांनी विचारलं, "प्रोबेशन किती?" मावशीने विचारलं, "क्वार्टर कुठे देणार?" पुढे बँकेने तिला हाँगकाँगला पाठवलं. सगळी बँक तिचा हेवा करत होती आणि इकडे मावशी डोळ्याला पदर लावून बसली. तिच्या मते दिल्लीबाहेर बदली होते ती फक्त वरिष्ठांना दुखावल्यावर. "कोणाशी वाद घातलास?" ती फोनवर सारखी विचारायची. हाँगकाँगात बँकेने समुद्रासमोर घर दिलं, तर म्हणाली, "दमट असेल. दुसरं माग."

वाद घातल्याचा संशय मात्र अगदीच खोटा नव्हता. ताईचं काम जोखीम तपासण्याचं. मोठमोठे साहेब मोठमोठी कर्जं मंजूर करून घ्यायला यायचे आणि ही म्हणायची, नाही. सिंगापुरात नाही, दुबईत नाही, लंडनमध्ये नाही. नाही म्हणणारी माणसं बँकेत टिकतात, पण वर जात नाहीत, असं तिनेच मला सांगितलं होतं. तरी ती वर गेली, कारण ज्यांना ती नाही म्हणाली होती त्यातले बरेच व्यवहार नंतर दुसऱ्या बँकांच्या अंगावर कोसळले. दर बढतीला काका एक सरकारी हुद्दा नेमून द्यायचे. डेप्युटी सेक्रेटरी. डायरेक्टर. आशियाची प्रमुख झाली तेव्हा बऱ्याच विचाराअंती ॲडिशनल सेक्रेटरी. आणि आता हे!

"पण आई, उद्या दुपारपर्यंत हे कोणालाही कळता कामा नये," ताई म्हणाली. "लंडनचा बाजार उघडायच्या आधी बँक जाहीर करणार आहे. त्याआधी फुटलं तर बोर्डाला पुन्हा बसावं लागेल. दोघं-तिघं अजून त्या दुसऱ्या उमेदवाराच्या बाजूचे आहेत. पांढऱ्या केसांचा, सांगितलं होतं ना मी? ते निमित्तच शोधतायत. समजलं?"

"मी कशाला सांगत्येय कोणाला!" मावशी म्हणाली.

काकांनी घरातला लँडलाइन उचलून बाजूला ठेवला. "फुटलं तर पानिपत," ते म्हणाले. दिल्लीत राहून हा शब्द ऐकताना मला नेहमी मजा वाटते, कारण आम्ही तिथून चादरी आणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी साडी नेसून माझ्या दारात. "चल. करोल बागेत जाऊ. पेढे आणायचे."

"मावशी! शपथ!"

"शपथ सांगायची नाही अशी आहे. आणायचे नाहीत असं कुठं म्हटलंय? वाटणार दुपारनंतर. आणि इथल्या सेक्टरातले पेढे म्हणजे साखरेचे खडे. बिल्कुल नको."

मेट्रोत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली आणि मावशीने तोंड उघडलं. ताई लहानपणी किती हट्टी होती, आता बँकेची मुख्य झाली, दुपारी जाहीर होणार, त्या पांढऱ्या केसांच्या मेल्याचं नाक कसं कापलं जाणार. खणखणीत आवाजात. मी कोपराने ढोसलं.

"हळू, मावशी."

"अरे, इथे कोणाला कळतंय!"

दिल्लीतल्या मराठी माणसाचं हे कवच आहे. बाहेर आम्ही हिंदी बोलतो. मराठी फक्त गुपितांसाठी. दुकानदाराच्या तोंडावर "लुटतोय, उठ" म्हणायचं, लिफ्टमध्ये शेजारणीच्या ड्रेसवर चर्चा करायची, समोरच्याला जाडा म्हणायचं. चाळीस वर्षं हे कवच आम्हाला पुरलं आहे. त्या कवचावर मावशीचा किती विश्वास! राजौरी गार्डन येईपर्यंत तिने बँकेचं नावसुद्धा घेऊन टाकलं.

समोर बसलेल्या तरुणाने कानातले इअरफोन काढले आणि प्रसन्न हसला.

"अभिनंदन, आजी!"

मावशीचं तोंड उघडंच राहिलं. माझी नजर त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे गेली. ओळखपत्र. ओळखपत्रावर एका वृत्तवाहिनीचं बोधचिन्ह. ही गाडी थेट नोएडाला जाते, आणि नोएडात वाहिन्यांच्या इमारती भाजीच्या गाड्यांसारख्या रांगेत उभ्या आहेत. ताईच्या बोर्डाची तातडीची बैठक मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

आता, मी आमच्या मंडळाची नाटकं बसवतो. माणूस बुडताना हात मारतो. मी टाळी वाजवली.

"जमलं!" मी ओरडलो. "मावशी, ऐकलंस? प्रेक्षकाला खरं वाटलं! अहो, गणपतीतल्या नाटकाची तालीम चाललीय आमची. ही आईच्या भूमिकेत."

मावशीने माझ्याकडे वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग तिच्या डोळ्यांत दिवा लागला. "हो ना," ती लाजून म्हणाली. "पण पाठांतर कच्चं आहे हो अजून. आणि आजी काय? काकू म्हण."

"सही!" तरुण पुढे सरकला. "मी पुण्यात कॉलेजला एकांकिका करायचो. पुढचा प्रवेश करा ना, काकू. प्लीज."

झालं. नाटकाला प्रेक्षक मिळाला की दिग्दर्शकाची सुटका नाही. मी दांडा धरून उभा राहिलो. मिश्यांसकट ताई झालो.

"आई! मला बँकेचं प्रमुख केलंय!"

"मग त्या पांढऱ्या केसांच्याचं काय?" मावशी गरजली. "तो आणि त्याचे ते बोर्डातले दोघं-तिघं?"

"आई, तो खलनायक आपण दुसऱ्या अंकात ठेवलाय!"

"का? मला तो आत्ता पाहिजे!"

आजूबाजूच्या बायका मोबाइल खाली ठेवून बघायला लागल्या. मावशीला रंग चढला. ती सीटवर ताठ बसली, हात उचलला, आणि माझ्याकडे बघून, पण माझ्याशी नाही, बोलायला लागली.

"तू मोठी झालीस, चांगलं झालं. पण तुझ्याशी बोलायचं तर तुझ्या त्या सेक्रेटरीकडून वेळ घ्यावी लागते मला. ती विचारते, विषय काय? काय सांगू तिला? विषय तूच आहेस. उद्या सगळी दुनिया तुला फोन करेल. मी लाइनीत कितवी?"

हे मी लिहिलेलं नव्हतं. शेजारच्या एका शीख काकूंना अक्षर कळलं नसावं, पण त्यांनी डोळे पुसले आणि टाळ्या वाजवल्या. "वाह जी वाह! आंटी ने तो कमाल कर दी!" सगळ्या डब्याने टाळ्या वाजवल्या. मावशीने वाकून नमस्कार केला.

करोल बाग आलं. हा मुलगा आता नोएडापर्यंत एकटा जाणार, हातात फोन, डोक्यात बँकेचं नाव. मी मावशीकडे बघितलं, मावशीने माझ्याकडे. जन्मात पहिल्यांदा आम्हाला गुप्त बोलायला भाषा उरली नव्हती. मराठी त्याला येते, हिंदी सगळ्यांना येते, इंग्रजी मावशीला येत नाही. तिने नुसती एक भुवई वर केली, आणि त्या तरुणाचं मनगट धरून त्याला डब्याबाहेर काढलं.

"शिफ्ट कधी आहे तुझी?"

"दुपारची. पण काकू—"

"मग चल. नाटकात तुला नायक करायचाय. कपड्यांचं माप नको का?"

पुढचा सगळा वेळ एका वृत्तवाहिनीच्या पत्रकाराला माझ्या शहात्तर वर्षांच्या मावशीने करोल बागेत ओलीस ठेवलं. आधी छोले-भटुरे. "खा रे, हाडं दिसतायत. भैया, इसको एक प्लेट और!" मग कुर्ते. एका दुकानात पाच कुर्ते काढायला लावून एकही न घेता ती बाहेर पडली, का, तर म्हणे नायकाचा रंग अजून ठरलेला नाही. पोराने फोन काढायला खिशात हात घातला की ती त्याच्या हातात एक पिशवी द्यायची. आधी बांगड्यांची. मग उशांच्या अभ्र्यांची. मग केरसुणी. शेवटी त्याचे दोन्ही हात भरले आणि एक पिशवी तिने त्याच्या गळ्यात अडकवली. तो बिचारा हसत हसत तिच्यामागून चालत होता, आणि मी घड्याळाकडे बघत त्याच्यामागून.

पेढ्यांच्या दुकानात पोहोचलो तेव्हा काचेमागे ताजे पेढे लावत होते. माझा फोन थरथरला. काकांचा संदेश होता, सरकारी भाषेत: "नियुक्ती अधिसूचित." त्याच क्षणी त्या तरुणाच्या खिशातला फोनही वाजला. त्याने पिशव्या खाली ठेवल्या, फोन काढला, वाचला. मग मान वर करून मावशीकडे बघितलं.

"काकू. तुमचं नाटक टीव्हीवर आलंय."

मावशीने पदर सावरला. "आता सांग बाबा कोणाला सांगायचं ते. आता मोकळं आहे."

"मला तर पटेल नगरलाच कळलं होतं," तो म्हणाला. "ती सेक्रेटरीची गोष्ट आली ना, तेव्हा. असलं कोणी लिहीत नाही."

"मग बोलला का नाहीस?" मी जवळजवळ किंचाळलो. "तुझ्या चॅनेलला?"

"सर, मी क्रिकेटचा. बिझनेसवाले पलीकडच्या टेबलावर बसतात. गेल्या मोसमात त्यांनी माझी एक बातमी स्वतःच्या नावावर चालवली. त्यांना मी काय फुकट सांगू?"

"अगोबाई!" मावशी भडकली. "आधी नाही का सांगायचं क्रिकेटचा आहेस म्हणून? दुसरी प्लेट मागवली नसती!"

तो इतका हसला की काउंटरला धरून उभा राहिला. "मला वाटलं, नायकाचं काम तरी खरं असेल."

"ते खरं," मी म्हणालो. माझा नाइलाज होता. गणपतीतल्या प्रयोगाला आता खरंच नाटक लागणार होतं.

आणि मग मावशी दुकानाच्या मधोमध उभी राहिली. रात्रभर आणि सकाळभर तोंडात धरलेली बातमी तिने हिंदीत सोडली. "सुनिए सब! मेरी बेटी दुनिया की इतनी बड़ी बँक की सबसे बड़ी साहब बन गई!" हलवाई म्हणाला, "बधाई हो माताजी! तो कितने डिब्बे कर दूँ?" कोणी थक्क झालं नाही, कोणी पाया पडलं नाही. फक्त जिलबीच्या रांगेतले एक जाडजूड गृहस्थ वळले आणि त्यांनी बँकेचं नाव विचारलं. मावशीने अभिमानाने सांगितलं.

"अच्छा, वो!" गृहस्थ पुढे आले. "आंटी जी, मेरा खाता है वहाँ। कब से बंद कर रखा है, काग़ज़ दे-दे के थक गया।"

तेवढ्यात ताईचा फोन आला. बाहेर जाऊन बोलायलाही मावशी थांबली नाही, तिथेच स्पीकर लावला.

"आई, झालं! जाहीर झालं! सगळ्यात आधी तुलाच फोन करतेय. कोणाला बोलली नाहीस ना तोपर्यंत?"

मावशीने माझ्याकडे बघितलं, मी त्या मुलाकडे, त्याने छताकडे.

"छे गं! बरं, ते राहू दे. इथे एक माणूस उभाय, त्याचं तुमच्याकडचं खातं बंद पडलंय."

"आई, मी आत्ता... बाहेर सगळे थांबलेत माझ्यासाठी..." मग पलीकडे ताईचा हसण्याचा आवाज आला, तिचा तो लहानपणीचा, फुटका. "बरं. दे त्यांना."

गृहस्थांनी जिलबीचा हात रुमालाला पुसून फोन घेतला. "हेलो? मैडम, पहले ये बताइए मैं किससे बात कर रहा हूँ। आपके यहाँ हर बार नया बंदा उठाता है।"

ताईने शांतपणे आपलं नाव सांगितलं. मग नवं पद. आमच्यापैकी कोणीही तिच्या तोंडून ते पूर्ण ऐकलेलं नव्हतं. मावशीने माझा दंड घट्ट धरला. दुकानातल्या गोंगाटातही प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला.

गृहस्थांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली.

"वो तो ठीक है, मैडम," ते म्हणाले. "कंप्लेंट नंबर लिखवा दीजिए।"